चुकल्यावर त्याचं काय जातं? कुणाच्या मागे जायचं हे ठरवण्याची पद्धत

चांगलं बोलणाऱ्यांची आपल्याकडे कधीच टंचाई नव्हती. पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ पासूनची. गावोगाव सप्ताहात कीर्तनं रंगतात, गणपतीत मंडळं वक्ते आणतात, आणि ‘काय बोलला हो!’ म्हणत घरी परतायची आपल्याला पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. त्यात वाईट काही नव्हतं. व्याख्यान संपलं की माणूस घरी यायचा आणि सकाळी आपल्या कामाला लागायचा. आता वक्ता खिशात आला आहे. नोकरी सोड, ऑप्शन विक, ड्रॅगन फ्रूट लाव, पोराला कोट्याला पाठव, असं तो दिवसभर सांगत राहतो. आणि आपण ऐकून गप्प बसत नाही, करायला लागतो.

हा लेख त्या करायला लागण्याच्या आधीच्या टप्प्याबद्दल आहे. कुणाच्या पावलावर पाऊल टाकायचं, त्याची चौकशी कुठे आणि कशी करायची, त्याला काय विचारायचं, हे क्रमाने सांगतो. पायऱ्या बऱ्याच आहेत, पण सगळ्यांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: या माणसाचं म्हणणं चुकलं, तर त्याचं स्वतःचं काय जातं? ज्याचं काहीच जात नाही त्याला हवं तेवढं सुंदर बोलता येतं. ज्याचं जातं तो शब्द तोलून वापरतो, ‘बघावं लागेल’, ‘तुमच्या जमिनीवर अवलंबून आहे’ असं काहीतरी म्हणतो, आणि पहिल्या भेटीत बऱ्याचदा फिकाच वाटतो.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो, म्हणजे गैरसमज नको. बोलता येणं हा दोष नाही. गाडगेबाबांच्या (१८७६–१९५६) कीर्तनाला हजारो लोक जमायचे. शाळेचं तोंड न पाहिलेला हा माणूस समोरच्या गर्दीला प्रश्न विचारत विचारत तिच्याचकडून उत्तरं काढून घ्यायचा. त्या ताकदीचा वक्ता आजही सापडणं मुश्कील. पण गावात आल्यावर आधी हातात खराटा असायचा, कीर्तन रात्री. पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या राहिल्या, अंगावर मात्र चिंध्याच राहिल्या. तेव्हा ‘गोड बोलतो म्हणजे लबाड’ असलं सोपं गणित मांडू नका. अडखळत बोलणारे लबाडही चिक्कार असतात.

१. आधी कशासाठी हवा ते ठरवा

‘मला एक आदर्श हवा’ हे वाक्य फार ढगळ आहे. अख्खं आयुष्य कसं जगावं हे सांगणारा माणूस शोधायला गेलात, तर नेमके तेच भेटतील ज्यांना प्रत्येक विषयावर बोलता येतं. म्हणून गरज बारीक करून कागदावर लिहा. ‘राज्यसेवेची तयारी नोकरी सांभाळून कशी करायची’, ‘तीन एकर डाळिंबावर कर्ज न वाढवता कसं टिकायचं’, ‘चार माणसांची टीम न ओरडता कशी चालवायची’, ‘आईच्या आजारपणात घर आणि काम दोन्ही कसं निभवायचं’. एवढी नेमकी गरज लिहिली की निम्मे वक्ते आपोआप गळतात, कारण त्या गरजेबद्दल त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही नसतं.

शेवटच्या गरजेसाठी तुम्हाला कुणी प्रसिद्ध माणूस सापडणारही नाही. तिथे चुलत मावशी किंवा बिल्डिंगमधल्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकूच उपयोगी पडतात.

२. सध्या कुणाचं ऐकताय ते लिहून काढा

नवा माणूस शोधण्याआधी जुन्यांची मोजदाद करा. फोनमध्ये ज्यांना फॉलो करता ते, ज्यांचे व्हिडिओ कुटुंबाच्या ग्रुपवर पुढे ढकलता ते, ऑफिसातले सर, क्लासचे सर, आणि घरातले ज्यांचा शब्द तुम्ही मोडत नाही ते. वहीत चार रकाने आखा: नाव, सांगतो काय, स्वतः काय केलं आहे, आणि चुकलं तर त्याचं काय जातं.

भरायला बसल्यावर काय होतं ते दोन ओळींत दाखवतो. पहिली ओळ: एक गुंतवणूक-गुरू. सांगतो: रोज सकाळी दोन तास ट्रेडिंग करून पगाराएवढे कमवा. स्वतः काय केलं: कोर्स विकतो. ट्रेडिंगचा हिशोब: माहीत नाही. चुकलं तर: काही नाही, फी आधीच जमा. दुसरी ओळ: ऑफिसातल्या देशपांडेबाई, लेखाविभाग. सांगत काहीच नाहीत. स्वतः काय केलं: गेली कित्येक वर्षं ऑडिटमध्ये एक आक्षेप नाही, हाताखालचे दोघे परीक्षा देऊन वरच्या पदावर गेले. चुकलं तर: सही त्यांची असते.

दुसऱ्या ओळीतलं माणूस आपल्या यादीत बहुतेक वेळा नसतंच. ते शोधून आठवावं लागतं. तिसरा रकाना कोरा राहिलेली नावं खोडू नका, फक्त त्यांच्यापुढे ‘करमणूक’ असं लिहा. करमणुकीला माझी काही हरकत नाही.

३. त्याच्या घरात पैसा कुठून येतो ते पाहा

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ घालवा, कारण फसवणूक बहुतेक इथेच सापडते.

माणूस ज्या गोष्टीचा उपदेश करतो त्या गोष्टीतून कमावतो, की उपदेशातून? दोन्हींतून कमावत असेल तर कुठल्यातून जास्त? शेअर बाजाराचं उदाहरण घ्या. सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, सप्टेंबर २०२४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये (शेअरच्या पुढच्या भावावर केलेल्या करारांच्या खरेदी-विक्रीत) उतरलेल्या एक कोटीहून जास्त वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात होते. सरासरी तोटा माणशी सुमारे दोन लाख, आणि सगळ्यांचा मिळून १.८ लाख कोटींच्या वर. आता विचार करा, ज्या धंद्यात शंभरातले त्र्याण्णव बुडतात त्या धंद्यात तुमच्या गुरूला खात्रीची किल्ली सापडली असेल, तर ती चार-पाच हजारांत तुम्हाला विकायला तो का बसला आहे?

पडताळणी अवघड नाही. पैसे घेऊन गुंतवणुकीचा सल्ला द्यायचा तर सेबीकडे नोंदणी लागते. गुंतवणूक सल्लागाराचा क्रमांक ‘आयएनए’ने सुरू होतो, संशोधन विश्लेषकाचा ‘आयएनएच’ने. सेबीच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत मध्यस्थांची यादी असते, तिथे नाव टाकून बघा. क्रमांक दुसऱ्याच कुणाचा तरी लावलेला असू शकतो, म्हणून नाव, पत्ता आणि क्रमांक तिन्ही जुळवा. ‘आम्ही सल्ला देत नाही, फक्त शिकवतो’ ही पळवाट जुनी झाली. नुसतं शिक्षण देणाऱ्याने मागच्या तीन महिन्यांतले भाव वापरून विशिष्ट शेअरबद्दल बोलू नये, असं सेबीने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे. तेव्हा आजचा भाव दाखवून ‘हा उद्या पळणार’ म्हणणारा शिक्षक नव्हे. खात्रीचा नफा सांगणारा तर नोंदणीकृत असला तरी उठून यावं. (नोंदणी आहे म्हणजे माणूस शहाणा आहे असंही नाही. ती नुसती उंबरठ्यापर्यंतची परीक्षा आहे.)

शेतीतलं उदाहरण जास्त बोचरं आहे. २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यात कडकनाथ कोंबडीपालनाचा घोटाळा उघडकीला आला. योजना ऐकायला झकास होती. शेतकऱ्याने पैसे भरायचे, कंपनी पिल्लं, खाद्य, औषधं देणार, आणि अंडी-कोंबड्या ठरलेल्या चढ्या दराने परत घेणार. मेळावे झाले, सत्कार झाले, आधी आलेल्यांना पैसे मिळाल्याचे दाखले दिले गेले. मग खाद्य यायचं थांबलं, कोंबड्या न्यायला कुणी येईना, आणि हजारो शेतकऱ्यांचे पैसे अडकले. त्या मेळाव्यात एकच प्रश्न पुरला असता: ही अंडी शेवटी खातं कोण, आणि कुठल्या दुकानात, कुठल्या भावाने? कोंबड्यांचं खरं गिऱ्हाईक बाजारात नव्हतं. नवा पैसे भरणारा शेतकरी हेच गिऱ्हाईक होतं.

मोफत सेमिनारला गेलात तर बोलण्याकडे थोडं दुर्लक्ष करून हॉलची मांडणी बघा. दाराशी फोन नंबर घेतात. पहिला तास गरिबीतून वर आल्याची गोष्ट. दुसऱ्या तासात समोरच्या रांगेतला कुणीतरी उठून स्वतःचा अनुभव सांगतो. चहाच्या आधी पडद्यावर मोठा आकडा खोडून लहान आकडा येतो, ‘फक्त आज, पहिल्या पन्नास जणांना’. मागच्या टेबलांवर कार्ड मशीन घेऊन पोरं तयार असतात. ज्याच्याकडे खरोखर काही शिकवण्यासारखं आहे त्याला तुम्ही घरी जाऊन बायकोशी बोललात तर भीती वाटायचं कारण नाही. म्हणून नियम साधा ठेवा: जो माणूस एक रात्र विचार करू देत नाही, त्याच्यामागे जायचं नाही.

४. भिंतीवरचे फोटो उलटून पाहा

स्पर्धा परीक्षांच्या जगात हा प्रकार उघड चालतो. पुण्यात सदाशिव पेठेत कुठेही मान वर केली की यशस्वी उमेदवारांचे फोटो. तोच चेहरा तीन वेगवेगळ्या क्लासच्या फलकांवर दिसला तर चकित होऊ नका. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा जाहिरातींबद्दल बऱ्याच कोचिंग संस्थांना दंड केला. फलकावरच्या कित्येकांनी त्या संस्थेत फक्त मुलाखतीचं मार्गदर्शन घेतलेलं, तेही मोफत. पूर्व आणि मुख्य परीक्षा ते स्वतःच्या बळावर पार करून आलेले. नोव्हेंबर २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार आता फोटोबरोबर उमेदवाराने कुठला कोर्स केला, किती काळाचा, पैसे भरून की मोफत, हे सांगणं संस्थेवर बंधनकारक आहे. तेव्हा फलकासमोर उभं राहून ते बारीक अक्षर वाचा. नसेल तर काउंटरवर विचारा.

आणि नंबर लागलेल्याचं भाषण ऐकताना एक आकडा मनात ठेवा. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२३ च्या नागरी सेवा परीक्षेला १०,१६,८५० अर्ज आले होते. शिफारस झाली १,०१६ जणांची. म्हणजे हजारात एक. ‘मी पहाटे चारला उठायचो’ असं तो एक सांगतो तेव्हा उरलेल्या नऊशे नव्व्याण्णवांतले किती जण चारलाच उठत होते, हे व्यासपीठावरून कधी कळत नाही. खोटं तो बोलत नसतो. पण आपण कशामुळे पार झालो हे त्याला स्वतःलाही नक्की ठाऊक नसतं.

म्हणून तयारीसाठी आदर्श शोधताना मी दोन जण धरायला सांगेन. एक, नंबर लागलेला. आणि दुसरा, दोन-तीन प्रयत्नांनंतर शांतपणे बाहेर पडून दुसरीकडे नीट मार्गी लागलेला. कुठे थांबायचं हे त्याने कसं ठरवलं, घरी कसं सांगितलं, पुढची नोकरी कशी मिळवली, हे शिकण्यासारखं आहे. त्याला कुणी सेमिनारला बोलावत नाही. चहावर गाठावा लागतो.

५. आधी स्वतःच्या जमिनीवर केलंय का?

१९७२ च्या दुष्काळात पुण्यातले एक इंजिनिअर-कारखानदार विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यात फिरत होते. खडी फोडणारी माणसं त्यांनी पाहिली आणि पाण्याचं काहीतरी करायला हवं हे त्यांच्या मनाने घेतलं. त्यांनी भाषणं देत फिरायला सुरुवात केली असती तर कुणी नावं ठेवली नसती. पण त्यांनी नायगावला देवस्थानची चाळीसेक एकर पडीक, उताराची जमीन भाडेपट्ट्याने घेतली आणि तिथे राहून बांधबंदिस्ती, तळं, विहीर असं करत पिकं काढून दाखवली. आजूबाजूचे शेतकरी काही वर्षं लांबून बघत होते. मग येऊन विचारू लागले. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. पाणी जमिनीच्या मापात न देता माणशी अर्ध्या एकराला, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराला. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. ऊस लावायचा नाही. आणि खर्चातला वाटा लाभार्थ्यांनी उचलायचा.

यात पाहण्यासारखं दोन ठिकाणी आहे. वाईटातली वाईट जमीन घेतली, म्हणजे उद्या कुणी ‘तुमची काळी कसदार होती म्हणून जमलं’ असं म्हणू शकत नव्हतं. आणि फसलं असतं तर ते रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसलं असतं. बाकी उंटावरून शेळ्या हाकणारे सल्लागार दुष्काळाइतकेच नेमाने येतात.

तुम्हाला शेतीतलाच माणूस निवडायचा असेल तर व्हिडिओ बघून ठरवू नका, शिवारात जा. आगाऊ कळवून एकदा जा, आणि जमलं तर हंगामाच्या मधल्या, अडचणीच्या काळात पुन्हा जा. डाळिंब असेल तर पावसाळ्यात, तेल्या रोगाचं भय असतं तेव्हा. रस्त्याकडेच्या चार ओळी सगळ्यांच्याच छान असतात; कोपऱ्यातल्या, पाणी शेवटी पोचतं तिथल्या ओळीपर्यंत चालत जा. ‘एकरी दहा लाख’ असं कुणी म्हणालं की ती विक्री आहे की खर्च वजा जाता हातात उरलेले, हे विचारा. सगळ्या हंगामाच्या पट्ट्या, म्हणजे माल विकल्याच्या पावत्या, दाखवता का, असं म्हणा. एकाच चांगल्या दिवसाची पट्टी फ्रेम करून लावलेली असते. बाकीच्या पट्ट्यांवर दोन नंबरच्या मालाचा भाव, हमाली, तोलाई, गाडीभाडं दिसतं. कृषी सेवा केंद्राची उधारी किती, औषधांना किती गेले, मजूर बाहेरचे की घरचे, हे विचारल्यावर जो शेतकरी वही काढतो, त्याच्या बांधावर पुन्हा जा. जो विषय बदलून रोपांच्या बुकिंगवर येतो तो रोपवाटिकावाला आहे. त्याच्याकडून रोपं घ्या हवी तर, दिशा घेऊ नका. जाण्याआधी तुमच्या जिल्ह्यातल्या कृषी विज्ञान केंद्रातही एक चक्कर टाका. तिथे त्या पिकाबद्दल बरं-वाईट दोन्ही ऐकायला मिळतं आणि पैसे पडत नाहीत.

६. स्वतःला मोजू देतो का?

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. नवजात बाळांचे मृत्यू खेड्यात, घरीच, गावातल्याच शिकवून तयार केलेल्या बायकांच्या मदतीने रोखता येतील असं त्यांचं म्हणणं होतं. हे म्हणणं घेऊन देशभर व्याख्यानं देता आली असती. त्यांनी ३९ गावांत हे काम केलं आणि तुलनेसाठी ४७ गावं वेगळी ठेवून दोन्हीकडचे जन्म-मृत्यू मोजले. तिसऱ्या वर्षापर्यंत, तुलनेतल्या गावांच्या मानाने, नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी खाली आलं. डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं आणि मग जगभरच्या डॉक्टरांना त्यावर शंका घ्यायला मोकळीक होती.

तुलनेची गावं ठेवणं म्हणजे काय ते नीट पाहा. आपण चुकीचे ठरू शकू अशी सोय स्वतःच करून ठेवायची. शहाणपणाची याहून सरळ खूण मला माहीत नाही. नुसत्या बोलणाऱ्याची रीत उलटी असते. त्याचं म्हणणं असं बेतलेलं असतं की ते कधी खोटं पडूच नये. तुम्हाला यश आलं तर त्याची पद्धत. नाही आलं तर तुमची श्रद्धा कमी पडली, तुम्ही मनापासून केलं नाही.

रोजच्या आयुष्यात कुणी ४७ गावं बाजूला ठेवत नाही. पण हे तीन प्रश्न विचारता येतात:

‘तुमचं मत अलीकडे कशाबद्दल बदललं, आणि कशामुळे?’

‘तुमचा सल्ला ऐकून कुणाचं नुकसान झालंय का? मग तुम्ही काय केलंत?’

‘तुमचं ज्याच्याशी पटत नाही, त्याचं म्हणणं नेमकं काय आहे?’

तिसरा प्रश्न सगळ्यात कामाचा. विरोधकाचं म्हणणं त्याच्या तोंडून ऐकतोय असं वाटावं इतकं नीट जो मांडतो, त्याने विषयाचा अभ्यास केलेला असतो. ‘ते सगळे विकले गेलेत’ एवढंच उत्तर आलं तर कळायचं ते कळलं. पहिल्या प्रश्नावर ‘मी सुरुवातीपासून हेच सांगत आलोय’ असं अभिमानाने आलं, तरी तेच.

जुनं बोलणंही तपासा. चॅनेल असेल तर दोन-तीन वर्षांपूर्वीचे व्हिडिओ काढा. काय होईल म्हणाला होता आणि काय झालं? फसलेले अंदाज तिथेच ठेवलेत की गुपचूप पुसले? एक रविवार दुपार एवढ्याला पुरते.

७. जवळच्यांकडे विचारा, आणि माणूस अख्खा घेऊ नका

लांबून सगळेच डोंगर साजरे. माणसाची खरी माहिती त्याच्या हाताखाली काम केलेल्यांकडे असते, त्यातही सोडून गेलेल्यांकडे. त्यांना ‘कसे आहेत हो सर?’ असं विचारलंत तर ‘चांगले आहेत’ एवढंच ऐकाल. त्याऐवजी विचारा: काम बिघडलं तेव्हा सर कुणाचं नाव पुढे करायचे? पगार वेळेवर व्हायचा का? त्यांच्याकडून शिकून कोण मोठं झालं, आणि ते माणूस आज सरांना भेटायला येतं का?

या चौकशीत काहीतरी खटकणारं सापडणारच. घरोघरी मातीच्या चुली. अशा वेळी काय करायचं, याचा धडा आपल्याच इतिहासात आहे. न्यायमूर्ती रानडे विधवाविवाहाचे कडवे पुरस्कर्ते. १८७३ मध्ये त्यांची पहिली पत्नी वारली तेव्हा लोकांना वाटलं, हे आता विधवेशी लग्न करून दाखवणार. वडिलांच्या आग्रहापुढे ते वाकले आणि अकरा वर्षांच्या रमाबाईंशी लग्न केलं. बोलणं आणि करणं यांत पडलेली ही फट तेव्हाही लोकांनी दाखवली आणि आजही दाखवतात. वीस वर्षांनी, १८९३ मध्ये, धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केलं. मुरूडच्या गावकऱ्यांनी बहिष्कार टाकला, त्याची झळ घरच्यांनाही बसली, पण ते मागे हटले नाहीत. पुढे १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ.

मग रानडे यादीतून काढायचे? मी काढणार नाही. त्याच रानड्यांनी घरातल्या बायकांचा विरोध असताना रमाबाईंना शिकवलं. रमाबाईंनी पुढे आपल्या संसाराच्या आठवणी लिहिल्या, म्हणजे सगळ्यात जवळच्या माणसाची साक्षही आपल्याकडे आहे. १९०९ मध्ये पुण्याचं सेवासदन त्यांच्या पुढाकाराने उभं राहिलं. देशाच्या गरिबीचा अभ्यास कसा करावा, संस्था कशा बांधाव्यात, हे रानड्यांकडून शिकावं. घरच्यांचा दबाव झुगारायची वेळ आली की कर्व्यांकडे बघावं. ‘सगळं एकाकडून’ हा हट्ट सोडला की निराशाही कमी होते आणि आंधळी भक्तीही.

अर्थात, हे सवलतीचं तत्त्व सगळ्यालाच लावू नका. दबावाखाली वाकणं वेगळं आणि विश्वास टाकलेल्याला लुबाडणं वेगळं. पैशाची अफरातफर, बायकांशी गैरवर्तन, हाताखालच्याला चिरडणं, असं काही विश्वासू दोन-तीन ठिकाणांहून कानावर आलं तर ‘पण शिकवतात छान’ म्हणून थांबू नका.

८. सहा महिने छोटा प्रयोग

इथवर टिकलेली नावं दोन-तीनच उरतील. लगेच शिष्यत्व पत्करायचं नाही. त्या माणसाची एकच सवय किंवा एकच पद्धत उचला, तीही फसली तरी निभावेल एवढ्या मापात. शेतात असेल तर चार ओळींवर. अभ्यासात असेल तर एका विषयापुरती. पैशात असेल तर गेले तरी घरात कुणाच्या ताटावर परिणाम होणार नाही इतक्याच रकमेत. काय अपेक्षित होतं आणि काय झालं, हे दर महिन्याला दोन ओळींत लिहा. सहा महिन्यांनी काही फरक नसेल, तर त्यातला त्यांचा भाग किती आणि आपला किती हे त्यांनाच जाऊन विचारा. त्या प्रश्नाला ते कसं उत्तर देतात, हाही प्रयोगाचाच भाग.

९. भेटायला कसं जायचं

कामातली माणसं ‘सर, मार्गदर्शन करा’ या वाक्याला घाबरतात. त्यातून काय करायचं हे त्यांना कळत नाही, आणि वेळ जातो. फोनवर किंवा निरोपात तीनच गोष्टी सांगा: मी कोण, आत्तापर्यंत काय करून पाहिलं, आणि कुठे अडलोय. ‘मावशी, मी तुमच्यासारखाच घरगुती डब्यांचा धंदा चालू केलाय. वीस डबे जातात, पण गॅस आणि भाजीचा हिशोब लागत नाही. तुम्ही महिन्याचा हिशोब कसा मांडता ते अर्धा तास दाखवाल का?’ याला नाही म्हणणारं माणूस विरळा. जाताना तुमची स्वतःची वही न्या, खाडाखोड असलेलीच. त्यांची कामाची वेळ सांभाळून जा, आणि त्या पोळ्या लाटत असतील तर लाटतानाच बघा, बसून बोलायचा आग्रह धरू नका. हात कसे चालतात, पिठाचं माप कशाने घेतात, उरलेल्या भाजीचं काय करतात, हे बसून बोलताना सांगायचं राहून जातं.

आणि महिन्याभराने फोन करून त्यांनी सांगितलेल्यातलं काय केलं, काय जमलं नाही, ते कळवा. पुढच्या वेळी त्या स्वतःहून जास्त सांगतील.